तेवीसशे सोळाचा खण

आधी तो लॅपटॉप मिट. चिडत नाहीये मी. तुमच्या सगळ्या नोंदींत बेचाळीस नंबर कुठे गेला म्हणून तू सकाळपासून डोकं धरून बसलीयस, तुझा साहेब दर तासाला फोन करतोय, हे सगळं मी ऐकलंय. आणि आता हा तुझा भाऊ तुला शहाणपण शिकवतोय, की टाक एक खोटी नोंद त्या जागी आणि हो मोकळी. म्हणून म्हणतो, मिट. तो कोपऱ्यातला दिवा तेवढा राहू दे आणि दोघंही नीट ऐका. माझ्या साडूच्या बाबतीत झालंय हे. त्याच्या तोंडून ऐकलंय मी, आणि त्यातली एक गोष्ट तर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. ती शेवटी सांगतो.

साडू म्हणजे तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला सगळे बॅकअपराव म्हणतात. बायको रागावली की तीही हेच म्हणते. गळ्यात दोरीला पेन ड्राइव्ह लटकवून फिरणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. रोज संध्याकाळी सहाला कामाची अख्खी प्रत त्यात उतरवायची आणि मगच घरी निघायचं. लग्नाच्या फोटोंच्या त्याने पाच प्रती पाच घरांत ठेवल्यात. एक माझ्या कपाटात पडून आहे, मी मागितली नव्हती.

तर हा बॅकअपराव कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला होता. जागा लहान. पुढे एक दालन, तिथे याचं टेबल आणि कॉम्प्युटर. मागे प्लास्टरची खोली, आणि दोन्हींच्या मधे भिंतभर लाकडी खण. मागच्या खोलीत मिस्त्री. पाय गमावलेला माणूस आला, की मिस्त्री त्याच्या उरलेल्या पायावर ओला विणलेला मोजा चढवायचा. मग जांभळ्या पेन्सिलीने मोज्यावर खुणा करायचा. गुडघ्याची वाटी कुठे, पाय संपतो कुठे. वरून प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. त्या सुकून निघाल्या की आत पेन्सिलीच्या खुणा उमटलेल्या असतात. त्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाच्या पायाचा हुबेहूब साचा तयार. या साच्यावर नवा पाय घडवतात. पाय झिजतो, चार-पाच वर्षांनी नवा लागतो, म्हणून साचा टाकायचा नाही. त्यावर रंगाने नंबर घालायचा आणि त्या नंबराच्या खणात ठेवायचा.

हा नंबर यायचा बॅकअपरावच्या कॉम्प्युटरमधून. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतः ती नोंदणी बनवली होती, आणि नंबर देण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपवलं होतं. नव्या नोंदीचं पहिलं अक्षर टाइप केलं की पुढचा नंबर आपोआप पडतो. आता हे तुला माहितीये, पण याला माहीत नाही म्हणून सांगतो. अक्षर टाइप केलं, नंबर पडला, आणि तेवढ्यात समोरचा माणूस म्हणाला, थांबा, मी उद्या येतो. तुम्ही एस्केप दाबलंत. नोंद गेली. पण नंबर परत येत नाही. तो जळला. पुढच्या माणसाला त्याच्या पुढचाच मिळतो. नोंद खोडली तरी तेच. त्या आकड्याचं काम एवढंच, की ही ओळ त्या ओळीपेक्षा वेगळी आहे. त्यात दुसरा अर्थ नसतो. पण साहेब लोकांना रिकामी जागा दिसली, की त्यांच्या डोक्यात लगेच चोरी येते.

तसंच झालं. कार्यशाळेची तपासणी लागली. वरच्या कार्यालयातून अधिकारी येणार होते, आणि आधी त्यांनी सगळी यादी मागवून घेतली. यादीत एकोणीस नंबर नव्हते. झालं, पत्र आलं. एकोणीस नोंदी कोणी काढल्या, का काढल्या? एकोणीस माणसांचे पाय गेले कुठे? पत्रात नाव कोणाचं, तर बॅकअपरावचं. ज्याने अकरा वर्षांत साधी टाचणी घरी नेली नाही, त्याचं.

त्याने मॅनेजरबाईंना समजावलं. कागदावर काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, मला कळतंय हो, पण त्यांना कोण सांगणार? मग त्याने वरच्या कार्यालयात फोन लावला. तिकडच्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते ठीक आहे, पण नंबर सलग का नाहीत? पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, हो, पण सलग का नाहीत? चार दिवस हेच. बॅकअपरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण करतो काय?

बरं, हा बॅकअपराव. त्याने प्रत्येक जळलेल्या नंबराचं कारण एका वहीत लिहून ठेवलं होतं. दिवे गेले. एकाच माणसाची नोंद दोनदा झाली. माणूस मधेच उठून गेला. अशी अठरा कारणं तारखेसकट सापडली आणि कार्यालयाने ती मान्यही केली. राहिला एक. तेवीसशे सोळा. यादीत तेवीसशे पंधरा होता, सतरा होता, आणि सोळाबद्दल वहीत अक्षरही नव्हतं. त्याने जुन्या प्रती काढून बघितल्या. एकाही प्रतीत तो नंबर कधी नव्हता.

खणाकडे गेला. मिस्त्रीची पद्धत अशी, की ज्या नंबराचा माणूसच नाही, त्या खणात गोणपाटाचा बोळा कोंबायचा, म्हणजे शेजारचे साचे घरंगळत नाहीत. अठरा खणांत अठरा बोळे होते. तेवीसशे सोळाच्या खणात काहीच नव्हतं. त्याने मिस्त्रीला विचारलं, इथे बोळा का नाही? मिस्त्री हात धूत होता, त्याने मान वर केली नाही.

"त्यात काही ठेवलं तर सकाळी खाली पडलेलं असतं. मी ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका."

बॅकअपरावला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. आधीच डोकं फिरलेलं, त्यात हे. तो टेबलाशी येऊन बसला. तेवढ्यात बाई आल्या. अधिकारी उद्या दहाला येतायत, त्यांना तेवढ्या एका नंबराचं उत्तर हवंय, नाहीतर तुमच्यावर चौकशी बसेल आणि ती संपेपर्यंत कार्यशाळेला कुलूप. मागे पस्तीस माणसं पायासाठी थांबलीयत. दार लोटून घेऊन बाई हळू आवाजात म्हणाल्या, भरून टाका ना तो एक. कोणाला कळणार आहे?

त्याने नाही म्हटलं. घरी गेला. जेवायला बसला. अकरा वर्षांचा प्रामाणिकपणा एका रिकाम्या जागेपायी मातीत जाणार, हे त्याला सहन होईना. शेवटी ताट तसंच झाकून ठेवायला सांगून तो उठला. दहा मिनिटांचं काम आहे म्हणाला, आलोच.

मागच्या वर्षीची गोष्ट. जानेवारीची तेवीस तारीख, गुरुवार. कार्यशाळेचं कुलूप त्याने उघडलं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढचा दिवा लावला. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती, मिस्त्री सहालाच गेला होता. कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं लागली, जुना होता. मग बसला कामाला. आता गंमत बघा. आपोआप पडणारा नंबर हाताने टाइप करता येत नाही, पण मागच्या दाराने घुसवता येतो. वेगळी ओळ तयार करायची, तिला तेवीसशे सोळा द्यायचा, आणि ती ओळ मूळ यादीत जोडायला सांगायचं. ते त्याला येत होतं. अडलं दुसरीकडेच. नोंदणी त्यानेच बनवलेली, आणि इतकी कडक, की एक रकाना रिकामा चालत नाही. एकदा मिस्त्रीच्या छत्तीसचे टायपिंगमधे त्रेसष्ट झाले होते आणि अख्खा पाय वाया गेला होता. तेव्हापासून त्याने अशी सोय केली होती, की एका मापाचा दुसऱ्याशी मेळ बसला नाही तर नोंद घ्यायचीच नाही.

त्याने अंदाजाने मापं टाकली. घेतली नाहीत. बदलली. घेतली नाहीत. गुडघ्याचा घेर वाढवला, पोटरीचा कमी केला, पुन्हा तोच निरोप, मापं तपासा. तो निरोपही त्यानेच लिहिलेला. पाचव्या वेळी त्याने टेबलावर मूठ आपटली. खोटं बोलायला बसलो तर माझंच यंत्र मला बोलू देत नाही, असं तो मला सांगताना म्हणाला, आणि तेव्हा तो हसलाही.

मग त्याने काय केलं? मिस्त्रीची टेप खिळ्यावर टांगलेली होती, ती काढली. खुर्चीवर बसून डाव्या पायाची पँट वर दुमडली. आणि स्वतःचीच मापं घेतली. खऱ्या पायाची मापं, मेळ बसणारच. गुडघ्याचा घेर छत्तीस सेंटिमीटर. पोटरीचा चौतीस. एक रकाना उरला. गुडघ्याखाली पाय किती शिल्लक आहे?

याचा पाय तर सगळाच शिल्लक. पण तिथे आकडा हवा. त्याने टेप गुडघ्याला लावली, पोटरीवर कुठेतरी बोट ठेवलं आणि बोटाखालचा आकडा वाचला. चौदा.

चौदा टाकला. नाव काहीतरी टाकलं. काय टाकलं, ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. मग जोडायला सांगितलं. पडद्यावर प्रश्न आला. एक नोंद जोडली जाईल, परत फिरता येणार नाही. हो की नाही?

त्याने हो म्हटलं.

नऊ बावन्न. यादी उघडली. पंधरा, सोळा, सतरा. कशी ओळीत. त्याला बरं वाटलं, आणि लगेच तोंड कडू झालं. आपण हे केलं, असं झालं त्याला. निघणार, तेवढ्यात त्याचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. साचा. नव्या नोंदीत तिथे 'बाकी' असं आपोआप येतं. इथे 'तयार' होतं.

त्याने खोडून बाकी लिहिलं. सेव्ह केलं. पुन्हा उघडलं.

तयार.

पुन्हा बाकी. पुन्हा तयार. आता मात्र तो वैतागला. मरो ती चौकशी, म्हणाला, आणि अख्खी ओळच खोडायला घेतली. पडद्यावर निरोप आला. ही नोंद खोडता येत नाही. तिच्याशी दुसऱ्या नोंदी जोडलेल्या आहेत.

जोडलेल्या? त्याने तर एकच ओळ टाकली होती. माणूस किती वेळा आला, काय काम झालं, त्याची वेगळी यादी असते. ती त्याने उघडली. तेवीसशे सोळाच्या नावावर तीन ओळी होत्या.

माप घेतलं. तेवीस जानेवारी, नऊ अठ्ठेचाळीस.

साचा ओतला. तेवीस जानेवारी, दहा वाजून चार मिनिटं.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून तीन.

तिसरी ओळ. पाय बसवला. तारखेची जागा रिकामी.

पोरी, तुला कळेल. त्या जागी तारखेशिवाय नोंद घेतच नाही यंत्र. त्यानेच तशी सोय केली होती.

आणि मग आवाज आला. मागच्या खोलीतून. बादलीत लाकडी पट्टीने काहीतरी ढवळावं तसा. दाट. सावकाश...

बाहेरून कडी होती. त्याला कडी दिसत होती.

त्याने हाक मारली, मिस्त्री? ढवळणं थांबलं. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा... सुरू झालं.

सवय ती सवय. गळ्यातला पेन ड्राइव्ह काढला. संध्याकाळची प्रत. चालू फाइल पुसली, जुनी तिच्या जागी उतरवली. उघडली. पंधरा. सतरा. मधे काही नाही. त्या तीन ओळीही नाहीत. जिवात जीव आला त्याच्या.

आवाजही थांबला होता.

उठला. दिवा बंद करायचं बटण खणांच्या भिंतीजवळ. तिथपर्यंत जायलाच हवं होतं. नजर खाली ठेवून गेला. पण शेवटी माणूस बघतोच...

तेवीसशे सोळाच्या खणात साचा होता.

पांढरा. ओला. वर नंबर नाही. त्याने हात का लावला, ते त्याला माहीत नाही. लावला. कोमट होता. प्लास्टर धरत असतं तेव्हा कोमट होतं, हे मिस्त्रीने त्याला कधीतरी सांगितलं होतं. नुकतंच ओतलेलं...

गुडघ्याच्या वाटीवर तिरका व्रण. तीन टाके.

लहानपणी सायकलवरून पडला होता तो. डावा गुडघा. तीन टाके.

त्याने दिवा तसाच ठेवला. कुलूप लावलं की नाही, आठवत नाही. घरी आला, ताट झाकलेलंच होतं, तो पांघरूण घेऊन पडला. बायकोने विचारलं, झालं का काम? त्याने कूस बदलली.

सकाळी मिस्त्रीच्या आधी तो कार्यशाळेच्या दारात. दिवा चालू, कुलूप कडीत लटकलेलं. खण रिकामा. मागच्या खोलीत बादली कोरडी. मिस्त्री आला, पट्ट्यांची थप्पी बघून म्हणाला, चार पट्ट्या कमी आहेत. बॅकअपरावने ऐकलं आणि टेबलाशी जाऊन बसला.

दहाला अधिकारी आले. बारीक अंगाचे, सर्दी झालेले, रुमाल नाकाला लावूनच बसले. अधिकाऱ्यांनी विचारलं, तेवीसशे सोळाचं काय? आणि बॅकअपराव उभा राहिला. रात्रीनंतर त्याच्यात खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"साहेब, तो नंबर का गेला ते मला माहीत नाही. वहीत कारण नाही, जुन्या प्रतींत नोंद नाही. वाटेल ते कारण सांगू शकलो असतो. सांगणार नाही."

साहेबांनी पेन उघडलं. त्या ओळीपुढे लिहिलं, कारण माहीत नाही. खाली सही केली. मग पान उलटलं आणि विचारलं, पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली होती?

बस. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या तीन शब्दांसाठी चार दिवस फोन, चार दिवस जागरण, आणि ती रात्र. मला हे सांगताना तो म्हणाला, भाऊ, खरं सांगितलं असतं तर चाललं असतं हो. आधीच चाललं असतं. मला कोणी हे सांगितलं का नाही?



त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन तो आंघोळीला गेला. आणि आतून त्याने बायकोला हाक मारली. अशी, की ती हातातलं टाकून धावली.

डाव्या पोटरीला, चारी बाजूंनी, जांभळी रेघ होती.

साबणाने घासली. दगडाने घासली. डॉक्टरांनी औषध लावलं, कातडी सोलली गेली, नवी आली. रेघ तिथेच. महिन्याभराने तो मिस्त्रीकडे गेला आणि पँट वर केली. मिस्त्री चष्मा लावून खूप वेळ बघत बसला. मग त्याने रेघेवरून बोट फिरवलं.

"पेन्सिल माझी आहे. हात माझा नाही."

आणि त्याने दाखवलं, रेघ अखंड नाहीये. बारीक बारीक टाक्यांची आहे. विणकामाची. ओल्या मोज्यावरून काढली की अशी उमटते.

बॅकअपरावने नोकरी सोडली. आता घरीच असतो. दोन्ही पाय धडधाकट आहेत. पण स्कूटर विकली. रस्ता ओलांडायचा तर बायकोचा हात धरतो, शिडी चढत नाही, पायात काटा रुतला तरी रात्रभर झोपत नाही. त्या तिसऱ्या ओळीत तारीख नव्हती ना. ज्या फाइलमधे ती ओळ होती, ती त्याने स्वतःच्या हाताने पुसली, आणि आयुष्यात तेवढी एकच फाइल अशी, की जिची प्रत त्याच्याकडे नाही. आता तारीख पडली की नाही, हे बघायचं कुठे?

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. निघताना त्याने मला आत बोलावलं, दार लावलं, आणि हातात शिवणकामाची टेप दिली. म्हणाला, मी रोज मोजतो, पण माझ्यावर माझा विश्वास नाही, तुम्ही एकदा मोजा. मी खाली बसलो. टेप गुडघ्याला लावली आणि रेघेपर्यंत आणली.

चौदा.